वाहनतळावरील वीज ही मेहेरबानी नव्हे

गृहनिर्माण संस्थांच्या सर्व सभासद बंधुभगिनींस,

विजेची मोटार घेणारा बंगलेवाला आपल्या अंगणातील भिंतीवर प्लग बसवून त्याच दिवशी निश्चिंत होतो. परंतु मुंबई, ठाणे, पुणे येथील सदनिकाधारकास, वाहनतळाची जागा रीतसर त्याच्या नावे असताना आणि सर्व खर्च सोसण्यास तो राजी असताना, केवळ ना-हरकत दाखल्यासाठी महिनोन्महिने व्यवस्थापक समितीकडे खेटे घालावे लागतात, हा अन्याय यापुढे मुकाट्याने सोसण्याजोगा नाही.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकास दिला, आणि महानगरांत नव्या जोडणीची कमाल मुदत 7 दिवसांवरून 3 दिवसांवर आणली. सरकारने दिलेला हा हक्क संस्थेच्या दप्तरात अर्जाखाली अर्ज साचून निष्फळ व्हावा, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करावयाचे?

आगीचे भय सांगितले जाते. ते अनाठायी नाही. पण नकाराने ते टळत नाही, उलट वाढते. दाखला नाकारलेला सभासद तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडतो, तिचा जोड पावसात भिजत राहतो, आणि त्याच वायरीवर रात्रभर स्कूटर चार्ज होते. स्वतंत्र मीटर, योग्य जाडीची केबल, पक्के अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर, हाच त्या भयावरचा खरा इलाज होय.

विद्युत्भाराचा आक्षेपही तपासून पाहावा. 15 अँपियरचा साधा प्लग सुमारे 3.3 किलोवॅट वीज घेतो, म्हणजे मोठ्या गीझरहून किंचित अधिक; आणि गीझर बसविताना समितीची परवानगी कोणी मागत नाही. वाहने वाढतील तेव्हा मंजूर भार वाढवून घ्यावा, रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. मीटर ज्याचा त्याचा असल्यामुळे वाहन नसलेल्या सभासदावर एका पैचाही बोजा पडत नाही.

सबब आमची मागणी अशी, की प्रत्येक संस्थेने येत्या सर्वसाधारण सभेत पुढील ठराव करावा:

1. इमारतीच्या विद्युत्भाराची तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.
2. प्रत्येक अर्जाचा निकाल 30 दिवसांत लेखी द्यावा.
3. नकार द्यावयाचा झाल्यास त्याचे तांत्रिक कारण नमूद करावे.

आज आपल्याजवळ असे वाहन नसले तरी उद्या ते आपल्या मुलाबाळांजवळ असेल. म्हणून सभेस अवश्य उपस्थित राहा, आणि या ठरावाच्या बाजूने हात वर करा.

आपले नम्र,
काही सदनिकाधारक