वेंडेल स्कॉट : एक विजय आणि चारशे चौऱ्याण्णव शर्यती

१ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर २०० फेऱ्यांची एक मोटारशर्यत झाली. पंचवीस फेऱ्या उरल्या असताना वेंडेल स्कॉट या बेचाळीस वर्षांच्या कृष्णवर्णीय चालकाने, गाडीने दगा दिलेल्या रिचर्ड पेटीला मागे टाकून आघाडी घेतली. स्कॉटच्या २०० फेऱ्या पुऱ्या झाल्या, पण विजेत्यासाठी फडकवायचा चौकड्यांचा झेंडा काही फडकला नाही. तो आणखी दोन फेऱ्या गाडी चालवत राहिला. विजेता म्हणून नाव पुकारले गेले ते त्याच्यामागून आलेल्या बक बेकर या गोऱ्या चालकाचे, आणि समारंभही त्याचाच झाला. स्कॉटने हरकत घेतली. काही तासांनी, प्रेक्षक घरोघरी पांगल्यानंतर, फेऱ्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि शर्यत स्कॉटनेच जिंकल्याचे मान्य करण्यात आले. बक्षिसाचे १,००० डॉलर त्याला मिळाले. त्या दिवशीचा करंडक मात्र कधीच मिळाला नाही. ‘नॅसकार’ या संस्थेने त्याच्या कुटुंबीयांच्या हाती समारंभपूर्वक करंडक ठेवला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोना येथे. तोवर स्कॉटला जाऊन तीस वर्षे उलटली होती.

ही हकीकत खरी आहे, संतापजनक आहे, आणि ती सांगितली गेलीच पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही एकच हकीकत पुनःपुन्हा सांगून आपण वेंडेल स्कॉट नावाच्या माणसाचे उरलेले आयुष्य पुसून टाकत आहोत. ज्याला त्याचा एकमेव विजय नाकारला गेला, त्याचे चरित्र आता त्या एकमेव विजयापुरतेच उरले आहे. आणि हे काम त्याच्या शत्रूंनी केलेले नसून चाहत्यांनी केलेले आहे, म्हणून या लेखाचा रोख त्यांच्यावर आहे.

प्रथम काही आकडे पाहू. साहित्याच्या अभ्यासकांना आकड्यांचा कंटाळा असतो हे ठाऊक असूनही ते देतो, कारण या चरित्राची खरी संहिता त्यांतच आहे. १९६१ ते १९७३ या काळात स्कॉट नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत ४९५ शर्यती धावला. त्यांपैकी एक त्याने जिंकली. २० शर्यतींत तो पहिल्या पाचांत होता, तर १४७ शर्यतींत पहिल्या दहांत. १९६६ साली वर्षअखेरच्या गुणतक्त्यात तो सहावा आला आणि १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षे पहिल्या दहांत राहिला. म्हणजे दर दहा शर्यतींमागे सुमारे तीन वेळा हा माणूस देशातल्या उत्तम दहांमध्ये होता. आता ही कामगिरी कोणत्या साधनांनिशी झाली ते पाहा. मोटार कारखान्यांच्या अधिकृत संघांत त्याला कधी जागा मिळाली नाही. गाडी त्याची स्वतःची, बहुधा दुसऱ्याने वापरून टाकलेली. तिचे इंजिन उघडणारा मेकॅनिक तोच. पिटमध्ये टायर बदलायला त्याची मुले आणि मोजके स्नेही. १९६४च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत दक्षिणेतल्या कित्येक गावांत कृष्णवर्णीय माणसाला हॉटेलात खोली मिळणे हे कायद्यानेही बंधनकारक नव्हते. तेव्हा शर्यतीच्या आदल्या रात्री झोपायचे कुठे, हाही एक तांत्रिक प्रश्नच होता. समोरच्या गाडीचे इंजिन नवे आणि आपले जुने. ते फुटले तर पुढच्या आठवड्याची शर्यत गेली. अशा वेळी पहिला येण्यासाठी इंजिन पिळून काढायचे, की सातवा येऊन बक्षिसाची छोटी रक्कम खिशात घालायची आणि गाडी धडधाकट घरी न्यायची? हा निर्णय स्कॉटला जवळजवळ दर शर्यतीत घ्यावा लागला. त्या निर्णयाच्या कलेविषयी आपल्या चरित्रलेखनाकडे शब्दच नाहीत.

नसण्याचे कारण साहित्यिक आहे. आपल्याला कथानक हवे असते. जन्म, हालअपेष्टा, अपमान, उत्कर्षबिंदू, न्याय. या साच्यात सातवा क्रमांक बसत नाही, मग १४७ वेळा पहिल्या दहांत येणे तर नाहीच नाही. तेव्हा लेखक काय करतो? डॅनव्हिल, व्हर्जिनिया येथे २९ ऑगस्ट १९२१ रोजी झालेल्या जन्मापासून उडी मारतो ती थेट जॅक्सनव्हिलला. तिथून दुसरी उडी २०१५ साली, नॅसकारच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झालेल्या त्याच्या मरणोत्तर समावेशावर. मधली वर्षे ही ‘संघर्ष’ या एका शब्दाची बाब. ‘संघर्ष’ हा शब्द आपल्याकडे इतका सरावाचा झाला आहे की तो वापरला की प्रत्यक्ष काय घडले ते सांगण्याची जबाबदारीच संपते.

या साच्याचे ढोबळ उदाहरण म्हणजे १९७७ सालचा ‘ग्रीझ्ड लाइटनिंग’ हा चित्रपट. मायकेल शुल्ट्झ दिग्दर्शक, स्कॉटच्या भूमिकेत रिचर्ड प्रायर. प्रायरसारखा असामान्य विनोदी नट, विषय असा तेजस्वी. आणि शेवट काय, तर नायक मोठी शर्यत जिंकतो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा खरा स्कॉट डॅनव्हिलमध्ये हयात होता. त्याची कारकीर्द विजयाने संपली नव्हती, हे त्याला तर ठाऊकच होते. वास्तवात ज्याच्यापुढे चौकड्यांचा झेंडा फडकला नाही त्याच्यासाठी पडद्यावर तो फडकवून देणे हे औदार्य वाटेल. मला ती दुसरी फसवणूक वाटते. पहिल्या वेळी विजय असून तो नाकारला गेला. दुसऱ्या वेळी विजयाविना घालवलेली वर्षे नाकारली गेली, कारण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ती सोसवली नसती.

आता साहित्याच्या अंगणातले उदाहरण घेऊ. मार्च १९६५मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात टॉम वुल्फने ज्युनियर जॉन्सन या चालकावर एक दीर्घ लेख लिहिला आणि शीर्षकातच त्याला शेवटचा अमेरिकन नायक ठरवून टाकले. नवपत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत हा लेख आजही मानाने वाचला जातो. तो मानाचा आहेही. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतली हातभट्टी, रात्रीच्या अंधारात पोलिसांना गुंगारा देत दारू वाहणाऱ्या गाड्या, त्यातून तयार झालेला चालक. वुल्फने यातून एक लोककथाच उभी केली. परंतु स्कॉटही हाच धंदा करून चाकामागे बसायला शिकला होता. महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या, परतल्यावर टॅक्सी चालवली आणि चोरट्या दारूची वाहतूक केली. १९४९ साली तो पकडला गेला आणि त्याला तीन वर्षांची सशर्त मोकळीक मिळाली. जॉन्सनला तुरुंगवास घडला होता, आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफीही दिली. दोघांचा गुन्हा एक, कौशल्य एका जातीचे, मैदान एक. वुल्फचा लेख छापून आला तेव्हा जॅक्सनव्हिलची शर्यत होऊन सव्वा वर्ष झाले होते. तरी ‘अमेरिकन नायक’ म्हणून लेखणी वळली ती जॉन्सनकडे.

यात वुल्फचा वैयक्तिक दोष शोधण्यात अर्थ नाही. जॉन्सन पन्नास शर्यती जिंकलेला, थोर चालक होता. मुद्दा असा की बंडखोराला रसिकता बहाल करण्याआधी वाङ्मय त्याचा रंग पाहते. गोऱ्या माणसाची हातभट्टी ही परंपरा ठरते, लोकसंस्कृती ठरते. काळ्या माणसाची हातभट्टी ही पोलिसांच्या वहीतली नोंद राहते. आणि स्कॉटच्या बाबतीत हे अलंकारिक विधान नाही. १९५२ साली डॅनव्हिलमध्ये ‘डिक्सी सर्किट’च्या संयोजकांना तिकीटविक्री वाढवायला एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. तो शोधायला ते गेले पोलिसांकडेच, आणि पोलिसांनी नाव सांगितले वेंडेल स्कॉट. २३ मे १९५२ला तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. त्याला आणले ते कुतूहलाची वस्तू म्हणून, आणि वस्तूने चालक होऊन दाखवले. नॅसकारच्या शर्यतींच्या दारातून तर त्याला सुरुवातीला परतच पाठवले गेले. गाडी ओढत आणायची, रंग पाहिला जायचा, गाडी ओढत परत न्यायची. तरीही १९५९ साली तो व्हर्जिनिया राज्याच्या ‘स्पोर्ट्समन’ गटाचा विजेता झाला. या साऱ्यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? पण ते एका क्षणाचे नाट्य नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप गुणवत्तावाद्यांचा. ४९५मध्ये एक विजय म्हणजे सामान्य चालक. त्याच्या कातडीचा रंग वगळला तर लिहिण्याजोगे काय उरते? उत्तर सोपे आहे. कातडीचा रंग वगळला तर पुरस्कर्त्यांनी फिरवलेली पाठ वगळावी लागेल, जुने इंजिन वगळावे लागेल, दारातून परत गेलेली गाडी वगळावी लागेल. मोटारशर्यतीत माणूस आणि यंत्र मिळून धावतात, आणि यंत्र पैशाने येते. ज्याच्या यंत्राची किंमत समाजाने आधीच ठरवून टाकली, त्याची गुणवत्ता निव्वळ निकालावरून मोजणे म्हणजे तराजूत बोट ठेवून वजन वाचणे होय.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. जॅक्सनव्हिलला जे झाले ती फेऱ्यांच्या मोजणीतली चूक होती, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. चुका त्या काळी होत; हाताने मोजणी होई. स्कॉटचे स्वतःचे मत निराळे होते. विजेत्याचे चुंबन घेण्यासाठी गोरी सौंदर्यसम्राज्ञी उभी असे, आणि ते दृश्य फ्लोरिडात घडू द्यायचे नव्हते, असे तो मानत असे. हेतू सिद्ध करता येत नाही, म्हणून मी त्यावर युक्तिवाद उभा करणार नाही. त्याची गरजही नाही. चूक होती असे मानू. ती काही तासांत सापडलीही. मग तिच्या दुरुस्तीचा करंडक घरी यायला जवळजवळ ५८ वर्षे का लागली? मोजणीची चूक एका संध्याकाळची असते. ५८ वर्षांची असते ती संस्थेची सवय.

त्या संस्थेची आणखी एक नोंद येथे करायला हवी. नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स यांनी १९७२ साली जॉर्ज वॉलेस यांच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी फ्लोरिडात उघडपणे काम केले. वंशभेद कायम राहील अशी जाहीर प्रतिज्ञा करणारे अलाबामाचे गव्हर्नर ते हेच वॉलेस. फ्रान्स यांनी त्याच अलाबामात, टालाडेगा येथे बांधलेल्या अवाढव्य ट्रॅकवर मे १९७३मध्ये अनेक गाड्यांचा भीषण अपघात झाला. त्यात स्कॉटच्या बरगड्या, कंबरेचे हाड आणि गुडघे मोडले. कर्ज काढून घेतलेली गाडी गेली. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी बब्बा वॉलेस या चालकाने याच टालाडेगात विजय मिळवला. स्कॉटनंतर या सर्वोच्च मालिकेत जिंकणारा हा केवळ दुसरा कृष्णवर्णीय चालक. अमेरिकेत त्या दिवशी स्कॉटचे नाव पुन्हा घेतले गेले, आणि पुन्हा तेवढीच एक हकीकत सांगितली गेली.

मराठी वाचकाने या प्रश्नात का पडावे? १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा धागा होता. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी आपल्याला एक महत्त्वाचा धडा दिला. ‘बलुतं’ वाचताना आपण शेवटी येणाऱ्या विजयाची वाट पाहत नाही. दिवसामागून दिवस, अपमानामागून अपमान, त्यातले हसू, त्यातली लाज, हे सारे स्वयंपूर्णपणे वाचण्याजोगे असते हे आपण तिथे शिकलो. मग परदेशी चरित्र हाती येताच आपण हे शिक्षण का विसरतो? पुस्तकांच्या दुकानांतील ‘प्रेरणादायी’ फळीवरचा मजकूर मी समजू शकतो; तिथे विक्रीचा हिशेब असतो. परंतु वर्गात चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवणाऱ्या आपणही विद्यार्थ्याला ‘या चरित्रातून काय संदेश मिळतो?’ असे विचारतो, तेव्हा आपण त्या फळीचेच काम विनामूल्य करत असतो. त्याऐवजी विचारावे : या माणसाने गुरुवारी काय केले? गाडी कुठून आणली, पैसे कुठून आले, कोणाला हसून उत्तर दिले आणि कोणापुढे गप्प राहिला? ब्रायन डोनोव्हन या पत्रकाराने २००८ साली स्कॉटचे सविस्तर चरित्र लिहून ही वाट दाखवली आहे. ती पुढे चालणे आपल्या हाती आहे.

स्कॉट २३ डिसेंबर १९९० रोजी डॅनव्हिलमध्येच वारला. त्याच्या कारकिर्दीचा शेवट कोणत्याही चित्रपटात बसण्याजोगा नाही. टालाडेगात हाडे मोडल्यानंतर पाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९७३मध्ये, बावन्न वर्षांचा हा माणूस शार्लटच्या ट्रॅकवर शेवटची शर्यत धावला. तो बारावा आला. जॅक्सनव्हिलविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने या बाराव्या क्रमांकाविषयी निदान एक परिच्छेद लिहावा, एवढीच माझी मागणी आहे.