पेढीवरील वाय-फायचे कुलूप

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग काढीत पोलीस सानपाड्यातील एका सदनिकेत पोहोचले. तेथील परदेशी रहिवाशाच्या वाय-फायला कुलूप नव्हते आणि कोणीतरी त्याचाच वापर केला होता. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेला. दोन्ही ठिकाणच्या मालकांना पोलिसी चौकशीला तोंड द्यावे लागले. गुन्हा दुसऱ्याचा असला, तरी नोंद आपल्या जोडणीच्या नावे होते, हे व्यापाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

आज पासवर्ड नसलेले वाय-फाय क्वचितच आढळते. मात्र नावापुरते कुलूप पुष्कळ ठिकाणी असते. राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी' या शीर्षकाखाली कोणती पद्धत निवडली आहे, ते पाहावे. डब्ल्यूईपी ही सर्वांत जुनी पद्धत. तिच्यातील मूलभूत दोष 2001 मध्येच संशोधकांनी दाखवून दिला आणि आता ती काही मिनिटांत फुटते. 2003 चे डब्ल्यूपीए हा तात्पुरता तोडगा होता. 2004 पासूनचे डब्ल्यूपीए-2, त्यातही 'एईएस' हा पर्याय, आजही चालण्याजोगा आहे. 2018 मध्ये आलेले डब्ल्यूपीए-3 उपलब्ध असेल तर तेच घ्यावे. जुना मोबाइल किंवा प्रिंटर त्यावर जोडला जात नसेल, तर दोन्हींची मिश्र निवड करता येते.

डब्ल्यूपीए-2 ची खरी कसोटी पासवर्डवर असते. एखादे उपकरण जोडले जाताना होणारी देवाणघेवाण बाहेर बसलेला मनुष्य टिपून घेऊ शकतो आणि मग घरी, निवांतपणे, संगणकाकडून लक्षावधी पासवर्ड ताडून पाहतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अनेक पेढ्यांवर मालकाचा मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड असतो, आणि तोच क्रमांक दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेला असतो! पाटी नसती तरी दहा अंकांचे सारे पर्याय तपासायला चांगल्या यंत्राला फार वेळ लागत नाही. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. लक्षातही राहतात आणि फुटतही नाहीत. डब्ल्यूपीए-3 मध्ये अशी घरबसल्या ताडणी करता येत नाही.

'डब्ल्यूपीएस' ही सोय मात्र बंदच करावी. तिचा पिन आठ आकडी असला, तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे 2011 मध्ये उघड झाले. नेटवर्कचे नाव लपवण्याची युक्तीही कुचकामी आहे. ते नाव सहज हुडकता येते.

बँकेचा व्यवहार स्वतंत्रपणे सांकेतिक केलेला असतो, त्यामुळे वाय-फाय फुटले म्हणजे खाते रिकामे झाले असे नव्हे. भीती आहे ती हिशेबाच्या संगणकावरील सर्वांना खुल्या ठेवलेल्या फोल्डरची. उधारीची यादी, खरेदीचे भाव आणि कारखान्याच्या पासवर्डवरच चालणारा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर हे सारे त्याच वाय-फायवर असते, आणि आपण आलेल्या गिऱ्हाइकाला चहाबरोबर त्याचाच पासवर्ड देतो. आतिथ्य सोडावे असे नाही. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते, पाहुण्यांना ते द्यावे. त्यावरून आतल्या उपकरणांकडे वाट नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असतो. तो 'अॅडमिन' असाच राहिला असेल तर जोडलेला कोणीही बाकीची व्यवस्था मोडू शकतो. जोडणी करून देणाऱ्या माणसाकडून तो आपल्यासमोर बदलून घ्यावा. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा पर्यायही त्याच वेळी चालू करून घ्यावा. एखादा नोकर काम सोडून गेला, की गोदामाच्या किल्लीबरोबर वाय-फायचा पासवर्डही बदलावा.