शब्दाच्या रूपावर जाऊ नका

पांढुर्ण्याजवळच्या तिगावच्या संत्राबागेत 'बार' म्हणजे फुलोरा. पावसाळ्याच्या तोंडी धरला तर तो मिरगाचा बार, थंडी सरताना धरला तर आंबिया बार. तो यावा म्हणून झाडाचे पाणी काही काळ तोडतात, त्याला 'ताण देणे' म्हणतात. वर्षाचा सगळा हिशेब, बँकेचे कर्ज आणि मुलीचे लग्न या एका शब्दावर अवलंबून असते. तीच दोन अक्षरे हमरस्त्यावरच्या पाटीवर असली तर तिथे दारू मिळते. बागाईतदाराचा गोंधळ कधीच होत नाही. गोंधळ होतो तो इथली बोली बाहेरून वाचणाऱ्यांचा, आणि दुर्दैवाने आजवर या बोलीची नोंद बहुतेक बाहेरच्यांनीच केली आहे.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात अशा शब्दांची रेलचेल आहे. इथली 'माय' जन्म देते. इंग्रजी शाळेत गेलेले पोर तोच उच्चार 'माझे' या अर्थाने शिकून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्यातला 'गोट' म्हणजे दगड, गोटा. इंग्रजीत बकरीला असलेला शब्द देवनागरीत उतरवला तर अक्षरे तीच येतात. वऱ्हाडी-नागपुरी वळणाने 'ळ'चा 'य' झाला की 'बाळ' 'बाय' होतो आणि इंग्रजी निरोपासारखा दिसू लागतो. 'काळा' 'काया' होतो, 'गळा' 'गया' होतो. हिंदी वाचणाऱ्याला तिथे देह दिसतो आणि निघून गेलेला माणूस दिसतो. मराठी वाचकालाही चकवा बसतो. या भागातला 'गुंड' पाण्याचे भांडे असतो, 'गंज' हेही भांडेच, 'बंडी' बैलांची गाडी असते आणि 'सांबार' म्हणजे कोथिंबीर.

ही शब्दांची गंमत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. एकाच रूपात अनेक अर्थ राहू लागतात तेव्हा त्यामागे अनेकदा सत्तांतरे असतात. या पट्ट्यावर आधी देवगडचे गोंड राज्य होते, मग नागपूरकर भोसले आले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि त्यानंतर इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. नागपूर राजधानी असलेल्या त्या प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारीशेजारी नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. लोक होते तिथेच होते, पण कचेरीची भाषा बदलली. त्यामुळे इथले मूल 'शिक्षा का अधिकार' असे वाचते तेव्हा शाळेतला अर्थ शिकण्याचा असतो आणि घरातला अर्थ मार खाण्याचा. 'चेष्टा' शाळेत प्रयत्न असते, अंगणात थट्टा. 'राग' एकीकडे गायचा, दुसरीकडे गिळायचा. दोन्ही अर्थ सांभाळणारे हे मूल भाषेत कच्चे नाही, एकभाषी मुलापेक्षा ते जास्त काम करते. त्याला 'मिसळलेली भाषा बोलतो' म्हणून हिणवणे हा अन्याय आहे.

इंग्रजीची स्वतःची स्थिती काय आहे, हे पाहिले तर अशा हिणवण्यातून येणारा न्यूनगंड गळून पडावा. उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'स्टार्व्ह' म्हणजे उपाशी मरणे नव्हे, थंडीने गारठणे. यॉर्कशरमध्ये 'व्हाइल' हा शब्द 'पर्यंत' या अर्थाने चालतो. प्रमाण इंग्रजी शिकलेला माणूस तिथे फसतो. त्याच यॉर्कशरचा जोसेफ राइट लहानपणी गिरणीत राबला, किशोरवयात अक्षरे शिकला आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. त्याने १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. परगण्यापरगण्यातल्या माणसांकडून शब्द मागवले आणि प्रत्येकाचा अर्थ तो बोलणाऱ्यांच्या वापरातून दिला. गिरणीतल्या पोराची बोली त्यामुळे विद्यापीठाच्या कपाटात मानाने उभी राहिली.

त्याच १९०५ मध्ये ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड निघाला. काम अफाट होते आणि आजही त्यावाचून पाऊल टाकता येत नाही. पण त्यातला मुख्य नमुना होता बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा. प्रत्येक बोलीत तीच गोष्ट सांगवून घेतली, म्हणून व्याकरणाची तुलना सोपी झाली. मात्र त्या गोष्टीत कापसाची पऱ्हाटी नाही, वखर नाही, संत्र्याचा बार नाही. बोलीचा सांगाडा नोंदला गेला, तिचे घर आणि वावर बाहेर राहिले. मोल्सवर्थचा कोश त्याआधी, १८३१ मध्ये मुंबई इलाख्यात झाला, तेव्हा नागपूर भोसल्यांकडे होते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ पासून वऱ्हाडी आणि नागपुरी शब्दांना वेगळी खूण देऊन मोठे ऋण फेडले. तो कोश सिद्ध झाल्यानंतर मात्र सीमा बदलली, आणि सीमेपलीकडे राहिलेल्या मराठीचे पुढे काय झाले याची तशा तोलामोलाची नोंद व्हायची आहे.

ही नोंद आताच का? कारण रूप टिकते आणि अर्थ आधी जातो. 'गुंड' हा शब्द कधीच नाहीसा होणार नाही, पण घरातून पितळी भांडे गेले की त्याचा इथला अर्थ जाईल आणि वर्तमानपत्रातला अर्थ उरेल. 'बंडी'चे तसेच होईल, कारण ट्रॅक्टर आला आहे. पूर्णपणे मेलेला शब्द निदान अनोळखी वाटतो, माणूस त्याचा अर्थ विचारतो. ओळखीच्या रूपात दडलेला मेलेला अर्थ कुणी शोधायलाही जात नाही. जुनी चिठ्ठी, दस्तऐवज, आजीने सांगितलेली हकीकत, सगळे चुकीचे वाचले जाईल आणि वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौसर आणि पांढुर्णा एका छत्राखाली आले. जिल्ह्याची ओळख घडवायची तर पहिले काम बोलीच्या कोशाचे असावे. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, गाव, सांगणाऱ्याचा धंदा आणि वय, शिवाय त्याच रूपाचा हिंदी किंवा इंग्रजी शब्द आणि त्याचा वेगळा अर्थ, एवढे प्रत्येक नोंदीत असावे. तिगावच्या मराठीसोबत भोयरी पवारी बोलीला आणि गोंडीलाही त्यात समान जागा हवी. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी सोयी करण्याची जबाबदारी घटनेच्या कलम ३५०-अ ने १९५६ मध्येच राज्यांवर टाकली आहे. ती जबाबदारी मध्य प्रदेश सरकारने पाळावी. आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी व साहित्यसंस्थांनी सीमेपलीकडची मराठी ही परकी बाब मानू नये.

सरकारची वाट न पाहता एक काम आज करता येईल. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा, ओळखीचा वाटणारा शब्दही त्यांना विचारा आणि ते सांगतील तोच अर्थ लिहून ठेवा.