स्वस्त गोळीची खरी किंमत

ऊसतोडणी कामगार, हमाल, बांधकामावर राबणाऱ्या स्त्रिया यांच्या अंगदुखीवर आपल्या समाजाने एक सोयीस्कर उपाय शोधला आहे : वेदनाशामक गोळी. खाडा झाला की मजुरी बुडते; म्हणून कंबर धरली तरी गोळी घेऊन फडात उभे राहावे लागते. डायक्लोफेनॅकची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. तरी ती दुकानांत सुटी मिळते. ती स्वस्त आहे, असे आपण समजतो. वस्तुतः तिची किंमत मजुराचे जठर चुकते करीत असते.

ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. ही द्रव्ये दाह व वेदना वाढवितात. परंतु जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचविणारा बुळबुळीत थर आणि तेथील रक्तपुरवठाही त्यांच्यावरच अवलंबून असतो. दुखणे थांबविणारी क्रियाच जठराचे कवच हिरावून घेते. हा परिणाम रक्तावाटेही होतो. म्हणूनच ‘चार घास खाऊन गोळी घ्या’ हा सल्ला, किंवा गोळीऐवजी टोचलेले इंजेक्शन, हे पुरेसे संरक्षण नव्हे. व्रण कित्येकदा दुखतही नाही. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी हीच त्याची पहिली सूचना ठरते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठले पाहिजे.

संरक्षणाचे मार्ग ज्ञात आहेत. योग्य मात्रेतील पॅरासिटामॉलने भागत असेल तर तेच घ्यावे. अन्यथा वेदनाशामकाची मात्रा कमीत कमी आणि दिवसही कमीत कमी असावेत; अशा दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. साठी उलटलेल्यांनी, पूर्वी व्रण झालेल्यांनी, स्टेरॉइड अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नयेत. घेणे भागच असेल, तर ओमेप्राझोलसारखे आम्लनिर्मिती रोखणारे औषध जेवणापूर्वी अर्धा तास घेतल्याने जठराचा धोका पुष्कळ कमी होतो.

हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. औषधे मूळ नावाने विकली जावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. ओमेप्राझोल आज त्या रूपात अल्प किमतीत मिळते. मग उणीव कशाची? वाटपाची. शहरात गरज नसलेल्यांच्या चिठ्ठीवरही ते सर्रास लिहिले जाते; फडातल्या मजुराला त्याचे नावही कोणी सांगत नाही.

तथापि गोळीला गोळी जोडून प्रश्न संपत नाही. विश्रांतीचा एक दिवस वाचवून मालक जो खर्च टाळतो, तोच पुढे मजुराच्या घरावर रुग्णालयाचे बिल होऊन कोसळतो. भरपगारी आजारपणाची रजा आणि कामाच्या जागी डॉक्टर या मागण्या त्यासाठीच मांडल्या पाहिजेत. तोवर कार्यकर्त्यांनी प्रत्येक तळावर, प्रत्येक नाक्यावर एवढे तरी विचारावे : कोणती गोळी घेता, आणि किती दिवसांपासून?