कॉईल नव्हे, कनेक्टर बदला

पद्मिनी टॅक्सीला एकच इग्निशन कॉईल असे. तार सुटली की परळ-लालबागचा वायरमन टोक सोलून लगेच जोडून देई. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता अनेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असते. इंजिनच्या उष्णतेने तिच्या कनेक्टरचे प्लास्टिक ठिसूळ होते, खटका तुटतो, जोड सैल पडतो आणि गाडी मिसिंग करते.

अशा वेळी काही कारागीर सरळ नवी कॉईल गळ्यात मारतात. हा धंदा नव्हे. ती कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहा. बिघाड तिच्याबरोबर सरकला तर कॉईल खराब. जागीच राहिला तर आधी कनेक्टर तपासा. तारांसह तयार कनेक्टर ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्ट बाजारात विचारावा. बॅटरीची तार काढून एकेक तार कापावी व लगेच जोडावी, म्हणजे क्रम चुकत नाही. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नये. उष्णतेने ती सुटते.

मजुरी मात्र पुरी आणि उघड सांगून घ्या. हुन्नराची मजुरी हक्काची आहे. न लागणाऱ्या मालाचे पैसे हक्काचे नाहीत. कारागिरांनो, गिऱ्हाईक पुन्हा येते ते याच हिशेबावर.