तातडीच्या उपचारांतील वृद्ध रुग्ण

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाची घडण एका वेळी एका आजाराचा शोध घेण्यासाठी झालेली असते. वार्धक्यात मात्र न्यूमोनियासारखा गंभीर संसर्ग ताप किंवा खोकल्याऐवजी केवळ पडण्यातून अथवा अकस्मात उद्भवलेल्या संभ्रमातून प्रकट होऊ शकतो. काही तासांत वा दिवसांत भान ढळवणाऱ्या या अवस्थेला डेलिरियम म्हणतात, आणि वयामुळे असे होतेच या समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष होणे हा रुग्णावरील अन्यायच आहे. असे दुर्लक्ष टाळता येते: ब्रिटनमध्ये डॉ. मार्जरी वॉरेन यांनी १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी करून त्यांतील अनेकांना घरी परत पाठवले. आजार, औषधे, हालचाल, मनःस्थिती आणि घरची परिस्थिती यांचा डॉक्टर, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट ज्यात एकत्रित विचार करतात, त्या सर्वंकष वृद्धमूल्यांकनाची बीजे त्या कामात होती. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, असे मूल्यांकन लाभलेले रुग्ण पुढे स्वतःच्या घरी राहत असण्याची शक्यता अधिक असते. भारतात २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत १० खाटांच्या कक्षाची तरतूद आहे; परंतु हे मूल्यांकन आपत्कालीन विभागाच्या दारातच सुरू व्हायला हवे, आणि रुग्णाचा चष्मा, श्रवणयंत्र व सोबतचा नातेवाईक त्याच्यापासून दूर होणार नाहीत, याची जबाबदारी तेथील कर्मचाऱ्यांवर नावानिशी सोपवायला हवी.