जुन्या टिप्परचा सेन्सर : ‘ओरिजिनल’ घ्यावा कोणता, टाळावा कोणता?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खनिजवाहू टिप्पर जागच्या जागी उभे राहिले. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, त्यांतील काहींवर काम सुरू झाले, तसे डिचोली, साखळी, कुडचडे भागातील जुने टिप्पर पुन्हा मार्गावर येऊ लागले. दीर्घकाळ उभ्या गाडीचे टायर आणि बॅटरी जातात, हे मालकाला ठाऊक असते. बीएस-४ गाडीत मात्र त्यापाठोपाठ सेन्सरचा खर्च पुढे येतो, आणि कंपनीचा भाग घ्यावा की बाजारातला, या प्रश्नावर मालक अडखळतो.

मुळात ‘ओरिजिनल’ हा शब्दच फसवा आहे. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक सेन्सर स्वतः तयार करीत नाहीत. ते बॉशसारख्या पुरवठादारांकडून घेतात. तोच पुरवठादार पुष्कळदा तोच भाग स्वतःच्या खोक्यातही विकतो आणि तो सहसा स्वस्त पडतो. तिसरा प्रकार स्वतंत्र उत्पादकांच्या मालाचा. चौथा प्रकार निव्वळ नकली : खोके नामांकित, आतला माल भलताच. गॅरेजमध्ये शेवटच्या दोन्हींना सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हटले जाते, आणि त्यात प्रामाणिक स्वतंत्र उत्पादकावर अन्याय होतो.

निवड करताना खोक्यावरील नावापेक्षा सेन्सरचे काम पाहणे अधिक शहाणपणाचे. कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर साधा असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. गरम पाण्यात थर्मामीटरसह बुडवून मल्टिमीटरने त्याची परीक्षा गॅरेजातच होते. येथे चांगल्या स्वतंत्र उत्पादकाचा माल चालून जातो. क्रँकशाफ्टचा वेगमापक सेन्सर बिघडला तर इंजिन सुरूच होत नाही किंवा चालता चालता बंद पडते. दोष निदान लपत नाही. तरीही भरलेली गाडी घाटात बंद पडण्याची जोखीम लक्षात घेता तेथे पुरवठादाराच्या खोक्यातला भाग बरा.

कॉमन रेलमधील दाबमापक सेन्सरची गोष्ट वेगळी. हजार बारहून अधिक दाबाचे मोजमाप तो काही व्होल्टच्या संकेतात सांगतो. त्याने थोडे चुकीचे सांगितले तरी गाडी चालते, पण डिझेल अधिक जाते, धूर वाढतो, आणि मालक इंजेक्टर बदलत बसतो. नॉक्स सेन्सर त्याहून नाजूक. धुराड्यातील त्याचे सिरॅमिक टोक चालू असताना कित्येक शे अंश तापते. साचलेल्या पाण्याचा थेंब त्यावर पडला तर ते तडकते, आणि पावसाळे काढलेल्या गाडीच्या धुराड्यात पाणी असण्याचा संभव मोठा. हा सेन्सर स्वतःच्या नियंत्रक पेटीसह येतो. भाग क्रमांक तंतोतंत जुळला नाही तर इंजिनाचा संगणक त्याला ओळखत नाही. या दोन जागी काटकसर महागात पडते.

अर्थात, स्कॅनरवर सेन्सरचे नाव दिसले म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. तांबड्या धुळीने भरलेला कनेक्टर, गंजलेली पिन, उंदराने कुरतडलेली वायर हीही कारणे असतात. नवा भाग मागवण्यापूर्वी वायरिंगची तपासणी झालीच पाहिजे. निम्म्या वादाचे मूळ या घाईत असते.

नॉक्स सेन्सरच्या खर्चातून सुटण्यासाठी ‘बायपास’ची पेटी बसवण्याचा मार्गही सुचवला जातो. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड नव्हे; त्यामुळे ही चलाखी तेथे पकडली जात नाही. तिची किंमत खाणमार्गाकाठची गावे मोजतात. तपासणी वाढवण्याची जबाबदारी येथे सरकारची आहे. केवळ ट्रकमालकाला दोष देऊन भागणार नाही.

कंपन्यांची बाजूही निर्दोष नाही. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. तो आदेश मोटारींपुरता होता आणि वाद पुढे अपिलात गेला. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहने आहेत, पण गावच्या मिस्त्रीच्या हाती कंपनीचा स्कॅनर अजून सहज येत नाही.

खराब भाग माथी मारला गेल्यास दाद मागण्याचा प्रश्न उरतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी वगळतो, मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्याला ग्राहक मानतो. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्याला म्हणून आयोगाचे दार उघडे आहे. पण त्यासाठी भाग क्रमांक लिहिलेले जीएसटी बिल हाती हवे, आणि रोखीत थोडी सूट मिळते म्हणून नेमके तेच सोडले जाते.